हंड्या-झुंबरांचे वय

हीरकमहोत्सव हा शब्द शाळेच्या मांडवात आनंदाने उच्चारला जातो. जुन्या काचेच्या अभ्यासकाला मात्र त्या शब्दात एक साल ऐकू येते : १८९७. त्या वर्षी जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाली आणि इंग्लंडच्या काचकारखान्यांनी त्या सोहळ्याच्या स्मरणार्थ बशा, वाडगे आणि तबके साच्यात दाबून बाजारात आणली. दहा वर्षे आधी, १८८७ च्या सुवर्णमहोत्सवातही हेच घडले होते. कुठे मुकुट, कुठे राणीचे नाव आणि बहुधा साल. अशी एखादी बशी मराठी घरातल्या कपाटात सापडली, तर तिचे वय ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. तिच्या अंगावरच ते लिहिलेले असते. त्याच सोहळ्याच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे मात्र बशीवर लिहिलेले नसते. ते घराने सांगायचे असते.

कठीण प्रश्न पुढे येतो. ज्या वस्तूंवर साल नाही, नाव नाही, त्यांचे काय? दिवाणखान्याच्या तुळईला टांगलेली हंडी, आजीच्या कपाटातली गुलाबी फुलदाणी, देवघराबाहेर लावलेला दिवा, लोलक गळून अर्धे उरलेले झुंबर. या साऱ्यांना घरोघरी एकच उत्तर ठरलेले असते : 'विलायती आहे, राणीच्या काळातली.' व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षांची. जुन्या बाजारात ती दीडशे वर्षांची होते. जे गोल, गुलाबी आणि नाजूक, ते सारे तिच्या पदरी बांधले जाते.

या कोड्याची उत्तम उकल मद्रासच्या एग्मोर भागात पाहायला मिळते. तेथे पँथिऑन रस्त्यावर सरकारी संग्रहालयाचे आवार आहे आणि त्यातच कॉनेमारा ग्रंथालयाची जुनी इमारत. २२ मार्च १८९० रोजी तिची कोनशिला बसली आणि ५ डिसेंबर १८९६ रोजी, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या सहा महिने आधी, ती वाचकांसाठी उघडली. सागवानी कपाटांवर उंच कमानदार छत आणि त्याच्या कडेने रंगीत काचांच्या खिडक्या. दुपारचे ऊन त्यांतून उतरू लागले की वाचकाचे पुस्तकातले लक्ष थोडे ढळतेच. या काचांच्या काळाविषयी वाद घालण्याचे फारसे कारण नाही, कारण त्या आपल्या जागी आहेत. वास्तूची तारीख ठाऊक आहे, वास्तुविशारद हेन्री अर्विन हे नाव ठाऊक आहे, आणि काच भिंतीत बसलेली आहे. काचेच्या वयाचा सर्वांत भरवशाचा पुरावा काचेत नसतो, तो तिच्या ठिकाणात असतो. ती खिडकी उद्या चौकटीतून काढून दुकानात उभी केली, तर त्या क्षणी ती फक्त 'जुनी रंगीत काच' उरेल.

एग्मोरचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून नावारूपाला आलेली शाळा १८४० साली एग्मोरमधल्याच एका बंगल्यात सुरू झाली. कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव त्या शाळेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. एग्मोरचे रेल्वे स्थानक १९०८ साली उभे राहिले आणि तंजावरकडे जाणाऱ्या गाड्या तेथून सुटू लागल्या. तंजावरी मराठी बोलणारी कित्येक कुटुंबे त्याच वाटेने राजधानीत आली. संग्रहालयाच्या शस्त्रदालनात तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातली हत्यारे आहेत. ती एकत्र आली, नोंदली गेली, म्हणून त्यांची ओळख टिकली. घरगुती काचेला असे भाग्य लाभले नाही. सेंट्रल स्थानकाशेजारी १९०० साली उघडलेले मूर मार्केट जुन्या पुस्तकांसाठी आणि जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध होते. तेही मे १९८५ मध्ये आगीत गेले. मुंबईच्या चोरबाजाराची आणि पुण्याच्या जुन्या बाजाराची कथा फार वेगळी नाही. तेथे पोचलेली हंडी आपल्या घराचे नाव दारातच ठेवून येते. मग तिला स्वतःच्या अंगावरच्या खुणांनी बोलते करावे लागते.

या खुणा वाचण्याआधी काचेच्या धंद्याचा थोडा इतिहास हवा. इंग्लंडमध्ये एक शतकभर काचेवर वजनानुसार कर होता. १८४५ साली तो रद्द झाला आणि कारागिरांचे हात मोकळे झाले. जाड काच, खोल पैलू, रंगावर रंगाचे थर हे सारे परवडू लागले. सहाच वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने सत्तावीस फूट उंचीचे, सुमारे चार टन वजनाचे काचेचे कारंजे उभे केले. याच कंपनीने १८४० च्या दशकात कलकत्त्याला आपले दालन थाटले होते; हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांची हौस तिने नेमकी हेरली. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी १८७७ मध्ये तिच्याकडे काचेच्या खुर्च्या, मेजे, पलंगसुद्धा मागविले. माल हाती येण्यापूर्वीच १८८४ मध्ये महाराणा निवर्तले आणि सामान कित्येक दशके पेटाऱ्यांत पडून राहिले. आज ते पाहता येते, आणि पेटाऱ्यांत राहिले म्हणूनच त्याची कुळकथा अखंड राहिली, हा योगायोग मोठा मौजेचा. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४ च्या सुमारास बांधलेल्या जयविलास राजवाड्यात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले, असे सांगतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार दालनाला बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या लाभल्या. हे बेल्जियम लक्षात ठेवण्यासारखे आहे. राणीच्या काळात आले म्हणून सारे राणीच्या देशातून आले असे नव्हे. बेल्जियम, फ्रान्स आणि विशेषतः आज चेक प्रजासत्ताकात असलेला बोहेमिया यांचा माल हिंदुस्थानच्या बंदरांवर मुबलक उतरत असे. संस्थानिकांनी जे केले ते सरदारांनी, सावकारांनी आणि वकिलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केले. मराठीत 'हंड्या-झुंबरे' हा जोडशब्दच श्रीमंतीचा पर्याय होऊन बसला.

आता प्रत्यक्ष वस्तू. ती प्रथम उलटी करावी. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, तळ अभ्यासकासाठी. फुंकून घडविलेल्या भांड्याचे तोंड नीट करण्यासाठी कारागीर त्याच्या तळाला वितळलेल्या काचेच्या थेंबाने लोखंडी सळई चिकटवतो. काम संपल्यावर ती तोडली की तळाच्या मध्यभागी खडबडीत व्रण राहतो. चांगल्या कारखान्यात हा व्रण घासून गुळगुळीत केला जाई. तेथे अंगठ्याएवढी उथळ, चकचकीत वाटी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळ पकडणारे स्प्रिंगचे चिमटे वापरात आले आणि व्रणाशिवाय फुंकीव भांडी होऊ लागली. म्हणून व्रण नसला तरी वस्तू खोटी ठरत नाही, आणि असला तरी जुनी ठरत नाही. हाताने फुंकणारे कारागीर आजही तो व्रण ठेवतातच. तो हाताचा पुरावा आहे, काळाचा नव्हे.

मग बोट आत घालावे. साच्यात दाबून केलेल्या वस्तूच्या बाहेरच्या अंगावर नक्षी असते, पण आतली बाजू सपाट राहते, कारण आतून लोखंडी ठोकळा दाबलेला असतो. साच्यात फुंकलेल्या वस्तूची आतली बाजू मात्र बाहेरच्या नक्षीमागोमाग वरखाली होते. दोहोंवर साच्याच्या सांध्याची रेष दिसू शकते. दाबीव काचेचे तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात वाढले, पुढच्या दशकात इंग्लंडने उचलले, आणि त्यामुळे पैलूदार काचेची हौस मध्यम स्थितीतल्या घरालाही परवडू लागली. खरी पैलूदार काच, जिला मराठीत 'बिलोरी' हे सुंदर नाव आहे, ती चाकावर कापलेली असते. तिच्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि दोन रेषा जिथे मिळतात तिथे कुठे तरी केसभर चूक सापडते. दाबलेल्या काचेत कडा गोलसर असतात आणि चूक नसते. जुन्या काचेत बिनचूकपणा दिसला तर संशय घ्यावा.

वजन आणि नाद हे पुढचे साक्षीदार. इंग्लिश बिलोरी काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण मोठे, कित्येकदा वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. ती हातात घेताच जड लागते आणि नखाने हलकेच टिचकी मारली तर लांबवर रेंगाळणारा नाद देते. बोहेमियाची काच पोटॅश आणि चुन्याची. ती हलकी असते आणि तिचा नाद लवकर विरतो. तडा गेलेल्या भांड्यावर हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच. शिशाच्या काचेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी : अशा सुरईत कोकम सरबत किंवा दुसरे काही आंबट पेय दिवसच्या दिवस भरून ठेवू नये, कारण शिसे हळूहळू पेयात उतरते.

झीज हा खुणांमधला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. शंभर वर्षे फळीवर सरकविलेल्या भांड्याच्या तळकडेवर बारीक ओरखडे येतात. ते वेगवेगळ्या दिशांचे, कमीजास्त खोलीचे आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. ओरखडे एकाच दिशेने, एकसारखे आणि तळाच्या खोलगट भागातही आढळले, तर पॉलिश कागदाने घासून म्हातारपण आणले आहे असे समजावे. गुलाबदाणीचा तळ झिजलेला, पण मान अगदी कोरी असेल, तर मान नवी जोडली आहे की काय हे पाहावे. सुरईचे बूच दुसऱ्याच सुरईचे असणे ही तर इतकी नेहमीची गोष्ट आहे की जुळणारे बूच दिसले तर आश्चर्य मानावे.

यानंतर छाप. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नव्या नक्षीची सरकारदरबारी नोंद झाली की वस्तूवर चौकट आकाराची, शंकरपाळ्यासारखी एक खूण उमटविता येई. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात वर्गाचा रोमन आकडा असतो, काचेसाठी तीन. चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि गठ्ठ्याचा क्रमांक सांकेतिक रीतीने दिलेले असतात. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात होते. १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात गेले. तेवढ्याने वस्तू कोणत्या अर्ध्यातली हे कळते. १८८४ पासून ही खूण गेली आणि एकापासून सुरू होणारे साधे क्रमांक आले. १८९७ च्या आरंभी ते सुमारे २ लाख ९१ हजारांवर आणि १९०१ च्या आरंभी ३ लाख ६८ हजारांच्या आसपास पोचले होते. राणीचा काळ संपतो तो या आकड्याशी, असे म्हणता येईल. यात एक मेख आहे. क्रमांक नक्षीच्या नोंदणीची तारीख सांगतो, वस्तूच्या जन्माची नव्हे. खपणारी नक्षी कारखाना वर्षानुवर्षे काढत राही. म्हणून 'या सालाच्या आधीची नाही' एवढेच विधान त्यावरून करावे.

कारखान्यांच्या स्वतःच्या छापांत गेट्सहेडच्या सोवर्बी कंपनीचे मोराचे मस्तक आणि डेव्हिडसनचा बुरुजावरचा सिंह हे दाबीव काचेवर आढळतात. ते फार पुसट असतात आणि बहुधा आतल्या बाजूला किंवा नक्षीच्या घडीत लपलेले असतात. वस्तू उजेडाकडे तिरपी धरल्याशिवाय दिसत नाहीत. वस्तूवर 'इंग्लंड' असा शब्द असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. 'मेड इन इंग्लंड' हा पूर्ण शब्दप्रयोग आणखी अलीकडचा. तो दिसला तर राणीला रजा द्यावी.

रंगांकडे वळले की माणसे भुलतात, आणि भुलणे साहजिक आहे. गुलाबी लाल काच, जिला इंग्रज क्रॅनबेरी म्हणतात, ती काचेत अत्यल्प सोने मिसळून होते. काच जिथे जाड, तिथे रंग गडद. जिथे पातळ, तिथे फिका. हे चढउतार दिसत नसतील आणि ओरखड्याखाली पांढरी काच डोकावत असेल, तर वरून दिलेला मुलामा समजावा. पिवळसर हिरव्या काचेत युरेनियम असते. दुकानदार नोटा तपासण्यासाठी जो अतिनील दिवा वापरतात, त्याच्याखाली अंधारात ती लखलखीत हिरवी पेटते. मुलांना हा प्रयोग दाखवावा. मोठेही थक्क होतात. पण त्याचा अर्थ नीट घ्यावा. युरेनियमची काच बोहेमियात १८३० च्या दशकात लोकप्रिय झाली हे खरे, आणि ती विसाव्या शतकातही बनत राहिली हेही खरे. प्रकाश पदार्थ सांगतो, साल सांगत नाही. मँगेनीज असलेली काचही फिकट हिरवट झाक दाखविते, तेव्हा मंद उजेडावर भाळू नये. अशी वस्तू शोभेला ठेवण्यास हरकत नाही. खाण्यापिण्यास मात्र वापरू नये. याच युरेनियमच्या जोडीला सोने घालून तळाशी पिवळी आणि वर गुलाबी होत जाणारी 'बर्मीज' काच अमेरिकेत निघाली. तिचे हक्क स्टौरब्रिजच्या टॉमस वेब कंपनीने १८८६ साली घेतले आणि राणीच्या नावाने ती विकली. ब्रह्मदेशाचा तिच्याशी नावापलीकडे काही संबंध नाही.

नावे फसवितात याचे दुसरे उदाहरण म्हणजे चांदीसारखी चमकणारी, दुहेरी भिंतीची भांडी. त्यांना सर्रास 'पाऱ्याची काच' म्हणतात, पण त्यांत पारा नसतो. दोन भिंतींमधल्या पोकळीत चांदीचे द्रावण फिरवून लेप चढविलेला असतो. इंग्लंडमध्ये टॉमसन आणि वार्निश यांनी १८४९ मध्ये या पद्धतीचा एकाधिकार घेतला. त्यांच्या भांड्याच्या तळाचे छिद्र एका चकतीने बंद केलेले असते आणि चकतीवर कंपनीचे नाव असते. चकती निघाली की हवा आत जाते, लेप काळवंडतो आणि नावही जाते. तिसरे उदाहरण त्याहून गमतीचे. रंगीत काचेवर पांढऱ्या मिन्याने रंगविलेल्या मुलामुलींच्या आकृती दिसल्या की व्यापारी अमेरिकेतल्या मेरी ग्रेगरी या चित्रकर्तीचे नाव घेतात. तसल्या बहुतेक वस्तू बोहेमियातल्या आहेत.

मराठी घरात मात्र फुलदाणीपेक्षा दिवा अधिक सापडतो, आणि दिव्याचे वय ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण त्याच्या घडणीत इंधनाचा इतिहास असतो. छताला तीन साखळ्यांनी टांगलेल्या मूळच्या हंडीत एक पेला बसे. त्यात पाण्यावर तेल तरंगत ठेवून वात लावीत. या हंडीला तळाशी छिद्र नसते. तळाला भोक पाडून वायर काढलेली दिसली, तर हंडी जुनी असूनही तिचे रूप बदलले आहे असे समजावे. झुंबराच्या बाहूवर मेणबत्तीची खोलगट वाटी असेल तर तो मेणबत्तीचा काळ. बाहू पोकळ धातूचे असतील तर गॅसचा. तार बाहूच्या बाहेरून गुंडाळलेली असेल, तर वीज मागाहून आली; ती आतून नेली असेल, तर झुंबर विजेसाठीच घडले, आणि मग ते राणीच्या अखेरच्या वर्षांच्या पलीकडचे असण्याचा संभव मोठा. लोलक मोजावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. जुन्या झुंबरात तीन-चार पिढ्यांचे लोलक असतात, जुन्या घरातल्या भांड्यांसारखे.

रॉकेलचा दिवा १८६० पूर्वीचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण रॉकेलच तेव्हा बाजारात नव्हते. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स याने १८६५ मध्ये दोन सपाट वातींचा बर्नर आणला. वात वरखाली करण्याच्या छोट्या चकतीवर त्याचे नाव कित्येकदा कोरलेले आढळते. दिव्याची काच फुटते आणि बदलली जाते, पितळ टिकते. म्हणून दिवा वाचायचा तो पितळेपासून. काचेची चिमणी बहुधा सर्वांत तरुण असते.

आणि इथेच मराठी घरांत एक अन्याय घडत आला आहे. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने, माणशी एक पैसा गोळा करीत, १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. कारखान्याबरोबर तेथे काचेचे शिक्षणही दिले जाई, आणि तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातल्या कारखान्यांत गेले. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्या जमिनीवर, आपला कारखाना काढला. त्या वस्तीला त्यांचेच नाव लागले आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. महायुद्धामुळे ऑस्ट्रियाचा माल बंद झाला होता आणि जपानी मालाने बाजार व्यापला होता. अशा वेळी देशी काच फुंकणे हे धाडस होते. त्या काचेत बुडबुडे आहेत, हिरवट झाक आहे, कडा थोड्या जाड आहेत. तरी आजोबांनी विकत घेतलेली ही काच नातवंडांच्या तोंडी 'विलायती' झाली आहे, आणि व्यापाऱ्याला तिची देशी अक्षरे पुसट असलेलीच बरी वाटतात. खरी व्हिक्टोरियन फुलदाणी गेल्या दीडशे वर्षांत जगभर असंख्य घरांत होती. तळेगावच्या आरंभीच्या वर्षांतली बरणी किती घरांत उरली असेल? अभ्यासाच्या दृष्टीने दुसरी वस्तू पहिलीपेक्षा मोलाची आहे, बाजार काहीही म्हणो.

फिरोजाबादची गोष्ट याला पूरक आहे. तिथल्या जैन कारखान्याने विसाव्या शतकात इंद्रधनुषी झळाळीच्या फुलदाण्या काढल्या. तळाशी रोमन अक्षरांत 'जैन' असे नाव असे. पाश्चात्त्य देशांतले संग्राहक आज त्या आवडीने जमवितात. ही झळाळीची 'कार्निव्हल' काच अमेरिकेत १९०७ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर. तरी आपल्याकडे ती व्हिक्टोरियन म्हणून खपते. आकारावर विसंबून साल ठरविणाऱ्याने गोटी सोड्याची बाटली आठवावी. मानेत गोळी अडकविलेली ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये योजिली. इंग्लंडातून ती केव्हाच गेली. मद्रासच्या आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर कालपरवापर्यंत ती खळखळत होती. आकार राणीच्या काळातला, काच गेल्या पिढीची. जुन्या साच्यांवरून आजही हंड्या, दिवे आणि गुलाबदाण्या निघतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना कृत्रिम धूळ चोळून विकणे.

परगावी आणि परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वयाच्या या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. पुरातन वस्तू व कलामूल्यवान वस्तू यांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून अधिक जुनी कलावस्तू पुरातन ठरू शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरातन नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा लागतो. म्हणजे 'आजेसासूबाईंची, राणीच्या काळातली' असे कौतुकाने सांगत सामानात घातलेली हंडी विमानतळावर अडचणीत आणू शकते. आणि ओगलेवाडीच्या पहिल्या वर्षांतली काचही आता शंभरी ओलांडून बसली आहे.

घरची वस्तू विकायची असो वा ठेवायची, तिची नोंद आधी करावी. दिनकर केळकरांनी पुण्यात जमविलेले दिवे, अडकित्ते आणि घरगुती वस्तू १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या, त्या राजा केळकर संग्रहालयात आजही पाहता येतात. घरगुती वस्तूही जपण्याजोग्या असतात हे त्यांनी फार आधी ओळखले. घरच्या नोंदीला मोठे काही लागत नाही. वस्तूचा पुढून, तळाकडून आणि छापाचा असे तीन फोटो. उंची, तोंडाचा व्यास आणि वजन. ती कोणत्या खोलीत, कशावर टांगलेली वा ठेवलेली होती. कोणी, कोठून आणि कोणत्या प्रसंगी आणली असे सांगतात, आणि ते सांगणाऱ्याचे नाव. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. धुण्याची घाई करू नये, सोनेरी रेघेला तर साबण लावूच नये. कागदाची एक घडी भांड्याच्या आत ठेवावी आणि दुसरी घरच्या कागदपत्रांत. ज्या वडीलधाऱ्यांना ती हंडी कोणाच्या लग्नात पेटली होती हे आठवते, त्यांना या दिवाळीतच विचारावे.